युरोपात एका देशातून दुसऱ्या देशात ट्रेनने जायचंय? तिकिटं आधी कधी, कुठून आणि कशी काढायची

सगळ्यात आधी डोक्यातलं गणपतीचं बुकिंग जरा बाजूला ठेवा. कोकणात जायचं म्हणून ६० दिवस आधी सकाळी आठला आयआरसीटीसी उघडून बसायचं आणि आठ वाजून दोन मिनिटांनी वेटिंग, हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की युरोपचं ठरलं की पहिला प्रश्न तोच येतो, बुकिंग कधी उघडतं आणि संपून तर जाणार नाही ना. तिथे वेटिंग लिस्ट नाही, आरएसी नाही, चार्ट नाही. बहुतेक गाड्यांत सीट संपत नाही, संपतं ते स्वस्त भाडं. एकाच गाडीची एकाच वर्गाची तिकिटं वेगवेगळ्या भावाने विकायला काढतात, स्वस्तातली संपली की पुढचा भाव, मग त्याच्या पुढचा, अगदी विमानासारखं. चार महिने आधी काढलेलं आणि आदल्या दिवशी काढलेलं तिकीट यात तिप्पट-चौपट फरक पडू शकतो आणि पाच जणांचं कुटुंब असेल तर तो फरक म्हणजे दोन दिवसांचं हॉटेल.

म्हणून मी सगळ्यांना एकच सांगते, सगळं आधी काढू नका आणि सगळं शेवटावरही टाकू नका, कुठली गाडी आधी काढायची आणि कुठली तिथे गेल्यावर चालेल हे आधी ठरवा. बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे.

आम्ही पाच जण गेलो होतो, मी, नवरा, दोन मुलं आणि माझी आई. पॅरिस, मग स्वित्झर्लंड, मिलान, व्हेनिस, व्हिएन्ना आणि शेवटी प्राग. मुंबईहून विमान पॅरिसला उतरणारं घेतलं आणि परतीचं प्रागवरून, म्हणजे पहिल्या शहरात परत यायला ट्रेनचा खर्च नाही. हाच मार्ग उदाहरण म्हणून धरते, कारण यात जवळजवळ सगळ्या प्रकारच्या गाड्या येतात.

कागद घ्या आणि प्रत्येक टप्प्यापुढे गाडीचा प्रकार लिहा

पहिला प्रकार, ज्यात सीट रिझर्वेशन सक्तीचं असतं आणि भाडं चढत जातं. लंडन ते पॅरिस, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम जाणारी युरोस्टार (आधी जी लाल रंगाची थालिस होती ती पण २०२३ पासून युरोस्टार याच नावाने धावते), फ्रान्सची टीजीव्ही, पॅरिसहून झुरिक, बासेल, जिनिव्हाला जाणारी टीजीव्ही लिरिया, इटलीच्या फ्रेच्चारोस्सा, स्पेनच्या वेगवान गाड्या. या आधीच काढायच्या. आमचा पॅरिस–झुरिक हा टप्पा यातला, साधारण चार तासांचा.

दुसरा प्रकार, रात्रीच्या गाड्या. यात मात्र खरंच जागा संपते, कारण डबे थोडे आणि मागणी भरपूर. ऑस्ट्रियाच्या रेल्वेच्या नाइटजेट, मग झुरिक–प्राग आणि झुरिक–बुडापेस्ट अशा युरोनाइट. सगळ्यात आधी काढायची गाडी कुठली असेल तर ही.

तिसरा प्रकार, जर्मनी, ऑस्ट्रिया, झेक, हंगेरी या पट्ट्यातल्या दिवसाच्या गाड्या, रेलजेट, आयसीई, युरोसिटी. यात बहुतेक ठिकाणी तिकीट वेगळं आणि सीटचं रिझर्वेशन वेगळं. तिकीट असलं की कुठल्याही रिकाम्या सीटवर बसता येतं, रिझर्वेशन नसेल तर उभं राहावं लागू शकतं एवढंच. आधी काढलं तर स्वस्त पडतं, पण नाही काढलं तरी प्रवास अडत नाही. रिझर्वेशनला माणशी थोडेच युरो लागतात, ते कुटुंबासोबत असाल तर घ्याच, नाहीतर आई एका डब्यात आणि मुलं दुसऱ्या डब्यात असं होतं. याला एक अपवाद लक्षात ठेवा, स्वित्झर्लंडहून इटलीत जाणाऱ्या युरोसिटीत सीमा ओलांडताना रिझर्वेशन सक्तीचं आहे, म्हणजे झुरिक–मिलान पहिल्या प्रकारात धरा.

चौथा प्रकार म्हणजे लोकल आणि प्रादेशिक गाड्या. यांचं भाडं ठरलेलं. आधी काढून काही मिळत नाही.

स्वित्झर्लंडच्या आतल्या रोजच्या गाड्यांनाही रिझर्वेशन लागत नाही, उगाच घाबरून आधी पैसे घालवू नका. पण बर्निना एक्स्प्रेससारख्या काचेच्या मोठ्या खिडक्यांच्या टुरिस्ट गाड्यांना रिझर्वेशन सक्तीचं आहे आणि उन्हाळ्यात ते लवकर भरतं. ते नाही मिळालं तर रडू नका, इटलीतल्या तिरानोपर्यंत त्याच रुळांवरून साधी लाल गाडी पण जाते, तेच डोंगर, तेच पूल, रिझर्वेशन नाही आणि खिडकी उघडता येते म्हणून फोटो उलट चांगले येतात.

व्हिसा आधी की तिकीट आधी

आपल्यासाठी खरी गोची इथे आहे आणि परदेशी लोकांच्या लेखांत हे कोणी लिहीत नाही. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त ६ महिने आधी करता येतो आणि कमीत कमी १५ दिवस आधी करावाच लागतो. स्वस्त तिकिटं पण साधारण त्याच काळात उघडतात आणि ती बहुतेक नॉन-रिफंडेबल असतात. व्हिसाच्या फाइलमध्ये तर फिरण्याचा आराखडा जोडायचा असतो. मग करायचं काय?

मी असं केलं आणि सगळ्यांना हेच सांगते. मार्ग आणि तारखा पक्क्या करायच्या, हॉटेलं फुकट कॅन्सल होणारी घ्यायची, आराखड्यात गाडीची वेळ आणि नंबर लिहायचा, पण नॉन-रिफंडेबल तिकीट व्हिसा हातात येईपर्यंत काढायचं नाही. अपवाद फक्त रात्रीच्या गाडीचा, तिचं तिकीट मी आधी काढलं पण पैसे परत मिळणाऱ्या वर्गातलं, थोडं महाग पडलं तरी. व्हिसा लवकर मिळावा म्हणून अपॉइंटमेंट लवकर घ्या, मे-जूनच्या प्रवासासाठी मार्च-एप्रिलमध्ये अपॉइंटमेंट शोधायला लागलात तर तिथेच गाडं अडतं.

लंडन मार्गात असेल तर अजून एक. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, त्याचा व्हिसा वेगळा. आणि पॅरिसहून लंडन करून परत ब्रसेल्सला यायचं असेल तर शेंगेन व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा हवा, सिंगल एन्ट्रीवर तुम्ही पॅरिसहून युरोस्टारमध्ये बसलात की ती एन्ट्री संपली. तिकीट काढायच्या आधी व्हिसाच्या स्टिकरवर एन्ट्रीचा आकडा बघा.

बुकिंग किती दिवस आधी उघडतं

एक नियम नाही, प्रत्येक देशाची रेल्वे आपापलं ठरवते. जर्मनी आणि ऑस्ट्रियाच्या आंतरराष्ट्रीय गाड्या साधारण ६ महिने आधी दिसायला लागतात. फ्रान्स आणि इटलीच्या कधी चार महिने तर कधी त्याहून जास्त, आणि फ्रान्समध्ये उन्हाळ्याच्या गाड्यांचं बुकिंग एका ठरावीक तारखेला एकदम उघडतात, ती तारीख आधी जाहीर होते.

यात दोन गोष्टी घोळ करतात. एक म्हणजे सगळ्या युरोपचं वेळापत्रक डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी मध्यरात्री बदलतं. त्यामुळे ख्रिसमसच्या सुट्टीत जाणार असाल आणि जुलैमध्ये शोधलंत तर गाडीच दिसणार नाही, घाबरू नका, नवीन वेळापत्रक अजून भरलेलं नाही एवढंच. दुसरं म्हणजे रुळांची कामं. जर्मनीत सध्या जुने मार्ग महिनोन् महिने बंद ठेवून दुरुस्त करताहेत, २०२४ मध्ये फ्रँकफर्ट–मानहाइम हा गजबजलेला मार्ग जुलैच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत बंद होता. असं काम असलं की त्या मार्गाच्या गाड्या उशिरा विक्रीला येतात. पॅरिस–मिलानच्या थेट गाडीचंही बघा, ऑगस्ट २०२३ मध्ये आल्प्समध्ये दरड कोसळली आणि तो मार्ग थेट २०२५ च्या मार्चअखेर उघडला, मधल्या काळात लिहिलेली माहिती आजही सगळीकडे फिरतेय. म्हणून कुणी काहीही सांगो, मी सांगितलं तरी, गाडी आहे का ते तुमच्या तारखेला रेल्वेच्या साइटवर स्वतः बघा.

आणि हो, पहाटे उठून बसायची गरज नाही. तिथली मध्यरात्र म्हणजे उन्हाळ्यात आपले पहाटेचे साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार, पण भाव मिनिटांत नाही तर दिवसांत आणि आठवड्यांत चढतात. उघडल्यावर आठवडाभरात काढलं तरी बहुतेक वेळा स्वस्तातलं मिळतं. नाइटजेटचा डबा मात्र उघडल्याच्या दिवसातच घेतलेला बरा, विशेषतः शुक्रवार-शनिवारची रात्र असेल तर.

गाडी एकच, दुकानं दोन

हा भाग कळला की पैसे खरंच वाचतात. दोन देशांत धावणारी गाडी बहुतेक वेळा दोन्ही देशांच्या रेल्वे विकतात आणि दोघांचा स्वस्त तिकिटांचा कोटा आणि भाव वेगळा असू शकतो. व्हिएन्ना–प्राग रेलजेट ऑस्ट्रियाच्या ओबीबीवर पण मिळते आणि झेक रेल्वेच्या चेस्के द्राहीवर पण. आम्ही दोन टॅब उघडून एकच गाडी, एकच तारीख, पाच माणसं असं दोन्हीकडे टाकलं आणि झेक साइटवर ती स्वस्त निघाली. तुमच्या तारखेला उलटंही असेल. व्हिएन्ना–बुडापेस्टला हंगेरीची एमएव्ही बघा, जर्मनीतून निघणाऱ्या किंवा जर्मनीत जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना डॉइचे बानची साइट बघा. व्हिएन्ना–प्रागवर रेजिओजेट नावाची खासगी पिवळी गाडी पण आहे, तिच्या तिकिटात सीट धरलेली असते.

ट्रेनलाइन, ओमिओ, रेल युरोप अशा सगळ्या देशांची तिकिटं एकत्र विकणाऱ्या साइट वाईट नाहीत, इंग्रजी सोपं, ॲप चांगलं. पण त्या बहुतेक वेळा वर बुकिंग फी लावतात आणि गाडी रद्द झाली, तारीख बदलायची झाली की रेल्वेचं काउंटर म्हणतं जिथून घेतलं तिथे जा. मी त्यांचा उपयोग शोधायला करते, कुठून कुठे गाड्या आहेत, कुठे बदलायची, किती वाजता, आणि मग तिकीट त्या त्या रेल्वेच्या साइटवरून घेते. एखाद्या मार्गाला रेल्वेची साइट आपलं कार्ड घेतच नसेल तर मात्र खुशाल तिथून घ्या, दहा-बारा युरोसाठी दोन संध्याकाळी घालवू नका.

स्टेशनचं नाव नीट टाका

स्थानिक नाव टाकायची सवय लावा. व्हिएन्ना म्हणजे वीन, प्राग म्हणजे प्राहा, मिलान म्हणजे मिलानो, व्हेनिस म्हणजे वेनेत्सिया, फ्लॉरेन्स म्हणजे फिरेन्त्से, म्युनिक म्हणजे म्युन्शेन. आता बऱ्याच साइट इंग्रजी नावही ओळखतात, पण फलाटावरच्या बोर्डवर स्थानिक नावच असतं.

मग एकाच शहरात अनेक स्टेशनं. पॅरिसला तर हे फार, युरोस्टार गार द्यु नोरला येते, स्वित्झर्लंडच्या लिरिया गार द लियोंहून सुटतात, फ्रँकफर्टच्या गाड्या गार द लेस्तहून. लंडनहून येऊन पुढे झुरिकला जायचं असेल तर मध्ये शहरातून जावं लागतं, आरईआर डी या लोकलने गार द लियों दोनच स्टेशनं पुढे आहे, पण बॅगा आणि मुलं धरून दीड तास ठेवा. व्हेनिसला सांता लुचिया हे बेटावरचं स्टेशन आणि मेस्त्रे हे अलीकडे जमिनीवरचं. हॉटेल मेस्त्रेत असेल तर तिथलंच तिकीट काढा. बासेलला तर स्विस रेल्वेचं एसबीबी स्टेशन वेगळं आणि जर्मन बाडिशर बानहोफ वेगळं.

प्रत्यक्ष बुकिंग करताना, एक एक पायरी

व्हेनिस–व्हिएन्ना रात्रीची गाडी आम्ही कशी काढली ते सांगते, बाकीच्या साइट थोड्याफार फरकाने अशाच असतात.

ओबीबीच्या साइटवर आधी अकाउंट उघडलं, लॉगिन न करताही तिकीट मिळतं पण अकाउंट असलं की नंतर पीडीएफ शोधत बसावं लागत नाही. कुठून, कुठे, तारीख. मग प्रवाशांची वयं टाकायची, हे नीट टाका, कारण ऑस्ट्रियात ६ वर्षांखालचं मूल फुकट आणि ६ ते १४ ला अर्धं, युरोस्टारमध्ये ४ ते ११ हे मूल, म्हणजे तुमचा तेरा वर्षांचा मुलगा एका गाडीत मूल आणि दुसऱ्या गाडीत मोठा. वय बुकिंगच्या दिवसाचं नाही, प्रवासाच्या दिवसाचं टाकायचं, मधल्या चार महिन्यांत वाढदिवस येत असेल तर लक्ष ठेवा. फुकटातलं मूल असलं तरी प्रवाशांत टाका, नाहीतर त्याला सीट धरली जात नाही.

मग गाड्यांची यादी येते. रात्री नऊच्या सुमारास व्हेनिसहून सुटून सकाळी आठच्या आसपास व्हिएन्नाला पोचणारी गाडी निवडली. आता तीन पर्याय, सीट, कुशेत आणि स्लीपर. सीट म्हणजे रात्रभर बसून, पंचविशीतल्या मित्रांना ठीक, आईबाबांना नाही. कुशेत म्हणजे आपल्या थ्री टिअरसारखं, एका खोलीत चार किंवा सहा बर्थ, उशी, चादर, पांघरूण आणि सकाळी साधा नाश्ता. स्लीपरमध्ये एक ते तीन माणसं, वॉश बेसिन, नीट गादी. नव्या गाड्यांत एकट्या माणसासाठी छोटी बंद मिनी केबिन पण असते. आपल्याकडच्या स्लीपर क्लासशी नाव सारखं असलं तरी इथे स्लीपर हा सगळ्यात महाग वर्ग, यात गल्लत करू नका.

आम्ही पाच होतो म्हणून सहा बर्थचं अख्खं कुशेत कंपार्टमेंट घेतलं. बर्थ वेगवेगळे घेतले तर अनोळखी माणूस येतो, अख्खं घेतलं की दाराला आतून कडी आणि आईला खालचा बर्थ. एकट्या बाईला जायचं असेल तर बायकांचं वेगळं कंपार्टमेंट निवडायची सोय असते, ती शोधा, खाली बारीक अक्षरात असते.

त्यानंतर भाड्याचा प्रकार, इथे थांबा आणि वाचा. सगळ्यात स्वस्तात काहीही परत मिळत नाही आणि ते त्याच गाडीला बांधलेलं असतं. जर्मन साइटवर यालाच त्सुगबिंडुंग म्हणतात, म्हणजे ती गाडी चुकवली तर तिकीट गेलं. मधल्या प्रकारात काही पैसे कापून परत मिळतात किंवा तारीख बदलता येते. वरच्यात पूर्ण मोकळीक. ज्या दिवशी सकाळी विमान उतरतं त्या दिवसाच्या ट्रेनला गाडीला बांधलेलं तिकीट घेऊ नका, विमान दोन तास लेट झालं तर सगळंच बुडतं. त्या दिवशी एकतर मोकळं तिकीट घ्या नाहीतर मुक्काम करून दुसऱ्या दिवशी निघा, लहान मुलं असतील तर मुक्कामच करा.

नावं पासपोर्टप्रमाणे. आपल्या पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, तिकिटावर पहिलं नाव आणि आडनाव बरोबर स्पेलिंगने असलं की भागतं. सगळं भरून झालं की तारखेचा वार आणि रात्रीच्या गाडीत सुटायची तारीख पुन्हा बघा. हॉटेलचं चेकआउट त्याच दिवशी असतं, दुसऱ्या दिवशी नाही, ही चूक फार होते.

पैसे भरताना

१ ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नवीन कार्डावर परदेशी व्यवहार बंदच असतात, तुम्ही चालू केल्याशिवाय होत नाहीत. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन इंटरनॅशनल आणि ऑनलाइन दोन्ही चालू करा, शिवाय लिमिट बघा, पाच जणांचं तिकीट लिमिटच्या वर गेलं की नुसतं नाकारलं असं येतं आणि कारण कळत नाही. माझं पहिल्यांदा याच्यावरच अडलं, रात्री अकरा वाजता तीनदा नापास, ओटीपी येईपर्यंत साइटवर धरलेला डबा सुटून गेला आणि परत टाकला तर भाव एक पायरी वर. तेव्हापासून मी दोन कार्डं समोर ठेवूनच बसते, दोन्हींची लिमिट आधी वाढवून.

पैसे युरोत भरायचे का रुपयात असं विचारलं तर युरो निवडा, रुपयात त्यांचा भाव महाग असतो. बँक परदेशी व्यवहारावर मार्कअप, म्हणजे जादा आकार, लावते, समजा ३.५ टक्के, म्हणजे २०० युरोच्या तिकिटावर ७ युरो आणि त्या ७ वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे सव्वाआठ युरो जास्तीचे. कमी मार्कअपचं कार्ड असेल तर ते यासाठीच वापरा. फॉरेक्स कार्ड पण बहुतेक ठिकाणी चालतं.

मेल आला नाही तर लगेच दुसरं तिकीट काढू नका. स्पॅम बघा, अकाउंटमध्ये बघा, मगच.

गाडी बदलायची असेल तर

इथे माझं स्वतःचं नुकसान झालंय म्हणून जरा कळकळीने लिहिते. आधीच्या एका ट्रिपला मी दोन वेगळ्या साइटवरून दोन स्वस्त तिकिटं जोडली होती, मध्ये एका मोठ्या जंक्शनवर २२ मिनिटं. पहिली गाडी ४० मिनिटं लेट. दुसरी समोरून गेलेली, तिचं तिकीट त्या गाडीला बांधलेलं, काउंटरवर सांगितलं तर ते म्हणाले हे दोन वेगळे प्रवास आहेत. नवीन तिकीट त्या दिवसाच्या भावाने घेतलं, आणि जोडाजोड करून जेवढे वाचवले होते त्याच्या कितीतरी जास्त गेले.

म्हणून शक्यतो पूर्ण प्रवासाचं एकच तिकीट, एकाच बुकिंगमध्ये. मग पहिली गाडी लेट झाल्याने दुसरी चुकली तर पुढच्या गाडीने नेणं ही रेल्वेची जबाबदारी. ७ जून २०२३ पासून लागू झालेल्या युरोपियन युनियनच्या नियमांनुसार पोचायला ६० ते ११९ मिनिटं उशीर झाला तर भाड्याच्या २५ टक्के आणि १२० मिनिटं किंवा जास्त झाला तर ५० टक्के परत मागता येतात, भयानक हवामान वगैरे रेल्वेच्या हाताबाहेरची कारणं सोडून. एक तासाहून जास्त उशीर होणार असं दिसलं तर प्रवासच रद्द करून पूर्ण पैसे मागायचाही हक्क आहे. यासाठी तिकीट आणि उशिराचा पुरावा ठेवा, बोर्डचा फोटो काढला तरी चालेल, आणि अर्ज लवकर करा, तीन महिन्यांच्या पुढे ढकलू नका.

वेगळी तिकिटं घ्यायचीच वेळ आली तर मध्ये किमान दीड-दोन तास सोडा आणि दिवसाची शेवटची गाडी दुसऱ्या टप्प्याला ठेवू नका.

पास घ्यायचा का

आपण युरोपचे रहिवासी नाही म्हणून आपल्याला युरेल पास, तिथे राहणाऱ्यांना इंटररेल. पास घेतला की सगळं झालं असं वाटतं पण टीजीव्ही, युरोस्टार, फ्रेच्चारोस्सा आणि रात्रीच्या गाड्यांना पासवर पण रिझर्वेशनचे वेगळे पैसे भरावे लागतात, आणि युरोस्टार, टीजीव्हीसारख्यांत पासवाल्यांच्या जागा मोजक्या. ज्यांच्या तारखा पक्क्या आहेत आणि पाच-सहाच टप्पे आहेत त्यांना आधी काढलेली सुटी तिकिटं बहुतेक स्वस्त पडतात. महिनाभर जर्मनी-ऑस्ट्रियाच्या पट्ट्यात मनात येईल तसं फिरायचं असेल, किंवा ४ ते ११ ची मुलं असतील (एका मोठ्या माणसामागे दोन मुलांचा पास फुकट), तर गणित मांडून बघा. स्वित्झर्लंडचा स्विस ट्रॅव्हल पास वेगळा, तो देशाच्या आत आहे, मिलानपर्यंत चालत नाही. पण तो घेताना स्विस फॅमिली कार्ड मागून घ्या, ६ ते १५ वर्षांची मुलं आईवडिलांसोबत फुकट जातात आणि कार्डाचे पैसे नाहीत.

तिकिटं हातात आल्यावर

पीडीएफ सगळ्यांच्या फोनमध्ये ठेवा, एकाकडे नाही, आणि एक प्रिंटही. क्यूआर कोड पडद्यावरून दिसतो पण फोनची बॅटरी संपली की मग कसरत. ज्या रेल्वेचं तिकीट आहे तिचं ॲप घ्या, त्यात गाडी लेट आहे का, प्लॅटफॉर्म बदलला का ते कळतं. बुकिंगला दिलेला मेल रोज बघा, वेळापत्रक बदललं तर तिथेच कळवतात, आणि गाडीची वेळ मोठी बदलली तर पैसे परत किंवा दुसरी गाडी मागता येते. निघायच्या आठवडाभर आधी संपाची बातमी शोधा. इटलीत शोपेरो, म्हणजे संप, आधी जाहीर होतो आणि त्या दिवशी कुठल्या गाड्या नक्की धावणार त्याची यादी पण निघते. इटलीच्या प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी स्टेशनवरच्या मशीनमध्ये पंच करायचं विसरू नका, नाहीतर दंड.

पासपोर्ट बॅगेच्या तळाशी नको, अंगावर हवा. शेंगेनच्या आत सीमेवर थांबायचं नसतं हे खरं, पण पोलीस गाडीत चढून तपासतात, जर्मनीने तर सप्टेंबर २०२४ पासून सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केली आहे. युरोस्टारला लंडनसाठी विमानतळासारखी पासपोर्ट आणि सामान तपासणी असते आणि गेट गाडीच्या ३० मिनिटं आधी बंद होतं, त्यामुळे तास-सव्वा तास आधी पोचा. बाकी गाड्यांना वीस मिनिटं पुरतात.

फलाटाला जर्मनमध्ये ग्लाइस, इटालियनमध्ये बिनारिओ, फ्रेंचमध्ये व्वा, डब्याला वागेन, कारोत्सा, व्वात्युर, एवढे सहा शब्द पाठ करा, तिकिटावरचे आकडे कसले ते चटकन कळतं. फलाटावर अ, ब, क सारखी अक्षरं टांगलेली असतात आणि कुठला डबा कुठल्या अक्षराखाली येणार त्याचा तक्ता असतो, आधीच तिथे जाऊन उभे राहा, कारण मधल्या स्टेशनवर गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते आणि हमाल नाहीत. रात्रीच्या गाडीत तर डब्याचा नंबर बघूनच चढा, भलत्या डब्यात चढून आतून चालत जाऊ असं करू नका, कारण वाटेत गाडीचे दोन भाग करतात आणि अर्धे डबे एका देशात, अर्धे दुसऱ्या देशात जातात. आमच्या व्हेनिसच्या फलाटावर आई तिकीट हातात धरून प्रत्येक डब्याच्या दाराशेजारचा छोटा पडदा वाचत चालली होती, आणि वीन हॉप्टबानहोफ, म्हणजे व्हिएन्नाचं मुख्य स्टेशन, लिहिलेला दिसल्यावरच तिने बॅग वर चढवू दिली.